चाव्याला टिचकी हे उत्तर नव्हे

नव्याने घरी आणलेला हॅमस्टर पहिल्या आठवड्यात चावला, तर बहुतेक घरांत त्याचा अर्थ एकच लावला जातो: प्राणी रागीट निघाला, आता त्याला वठणीवर आणले पाहिजे. मग उपाय सुरू होतात. नाकावर टिचकी मारावी. तोंडावर फुंकर घालावी. हात मागे न घेता चावू द्यावे, म्हणजे खोड मोडते. जाड हातमोजा घालून रोज उचलावे. एकटा असल्याने चिडतो, तेव्हा जोडीला दुसरा आणावा. दुकानदार हे सांगतात, शेजारी सांगतात, मोबाइलवरचे व्हिडिओही सांगतात. यांतले बहुतेक सल्ले चुकीचे आहेत, एक-दोन घातक आहेत आणि एकात अर्धे सत्य आहे. सगळे एकाच समजुतीवर उभे आहेत, की चावा हा हॅमस्टरच्या स्वभावातला दोष आहे. प्रत्यक्षात बहुतेक चाव्यांचे कारण माणसाच्या हाताची दिशा, बोटांचा वास, उचलण्याची वेळ किंवा पिंजऱ्याची जागा यांत सापडते. यवतमाळ जिल्ह्यात त्यात उन्हाळ्याची भर पडते.

‘पाळीव प्राणी आहे, म्हणजे तो माणसाळलेलाच असणार’ ही अपेक्षा आधी तपासली पाहिजे. घरोघरी दिसणारा सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर शास्त्राला माहीत झाला तो १८३९ मध्ये. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉटरहाउस यांनी सीरियातील अलेप्पो परिसरातील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. त्यानंतर जवळपास शतकभर त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील परजीवीतज्ज्ञ सॉल ॲडलर यांना काळा आजार आणि त्याच्या जातकुळीतील रोगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत सहज वाढेल असा प्राणी हवा होता. (याच काळा आजाराचा परजीवी १९०३ मध्ये लिशमन आणि मद्रासमध्ये काम करणारे डोनोव्हन यांनी उजेडात आणला होता, त्यामुळे हॅमस्टरच्या कथेचा एक धागा भारताशी जुळतो.) ॲडलर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी १९३० च्या एप्रिलमध्ये अलेप्पोजवळच्या एका शेतातील बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्ले बाहेर काढली. पेटीत ठेवताच मादीने आपल्याच एका पिल्लाला चावून मारले. जगभरच्या पिंजऱ्यांतले सीरियन हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या वेळी हाती लागलेल्या पिल्लांचे वंशज आहेत.

बीळ उकरले गेले, मादी उघड्यावर आली, निसटायला वाट उरली नाही आणि तिने चावा घेतला. तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल काही माहीत नसले, तरी ती ‘रागीट’ होती असे म्हणायला आधार नाही. दुकानातून खोक्यात, खोक्यातून नव्या पिंजऱ्यात आणि पिंजऱ्यातून चार मुलांच्या हातांत एका दिवसात फिरणाऱ्या हॅमस्टरची अवस्था त्याहून फार वेगळी नसते. शंभर वर्षेही न झालेला हा सहवास कुत्र्याच्या हजारो वर्षांच्या सहवासाशी तोलणे अन्यायाचे आहे. प्रयोगशाळांनी आणि पैदास करणाऱ्यांनी शांत जनावरे निवडत नेल्याने तो बराच मवाळ झाला आहे हे खरे. पण मवाळपणाची शक्यता जन्माने येते, विशिष्ट माणसावरचा विश्वास येत नाही. तो दर हॅमस्टरला नव्याने कमवावा लागतो.

दुसरी चूक त्याला घरातल्या उंदराच्या रांगेत बसवण्याची. विदर्भाच्या शेतांत आणि घरांत उंदीर, घूस, चिचुंद्री यांची काही कमतरता नाही, त्यामुळे हॅमस्टरकडेही ‘शेपूट तुटका उंदीर’ म्हणून पाहिले जाते. घरउंदीर टोळीने राहतात आणि पाळीव पांढरा उंदीर सोबतीत खुलतो. सीरियन हॅमस्टर मात्र एकटा राहणारा प्राणी आहे. तुर्कस्तानच्या दक्षिण भागात केलेल्या क्षेत्रीय अभ्यासात त्याची बिळे सरासरी ६५ सेंटिमीटर खोल आढळली, आणि पिल्ले असलेली मादी सोडता एका बिळात एकच प्राणी होता. वास हे त्याचे मुख्य ज्ञानेंद्रिय. दृष्टी इतकी अधू की उंचीचा अंदाज येत नाही, आणि टेबलाच्या कडेवरून तो सरळ पाऊल टाकतो. कान मात्र माणसाला न ऐकू येणारे उंच स्वरही टिपतात. उंदीर पळवण्यासाठी भिंतीच्या प्लगला लावलेली ध्वनियंत्रे म्हणूनच पिंजऱ्याच्या खोलीत नकोत. ज्याचे जग वास आणि कंप यांनी बनलेले आहे, त्याला अचानक वरून उतरणारा मोठा हात घारीसारखा वाटतो. घार ही उपमा झाली, पण वरून येणाऱ्या सावलीला दबकून पळणे किंवा उलटून चावणे ही अशा छोट्या भक्ष्य प्राण्यांची उपजत खबरदारी आहे.

चावण्यापूर्वी हॅमस्टर बहुधा सूचना देतो. अंग गोठवून बसणे, कान मागे चपटे करणे, मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पंजे छातीशी धरणे, दात कटकटवणे, किंचाळणे आणि अगदी टोकाला पाठीवर उताणे पडून दात दाखवणे. यातले उताणे पडणे पाहणाऱ्याला ‘लाडात आला’ असे वाटते, आणि बोट नेमके त्याच क्षणी पुढे जाते. एवढ्या स्पष्ट नोटिशीनंतर झालेल्या चाव्याला ‘अचानक’ म्हणण्यात अर्थ नाही.

काही चावे भीतीचे नसतात. शेंगदाण्याची चटणी वाटलेली किंवा भाजीला लसणाची फोडणी दिलेली बोटे हॅमस्टरच्या नाकाला खाद्य वाटतात, आणि तो चव घेतो. हा चावा बहुधा हलका, पारखणारा असतो. गजांतून बोटाने दाणे भरवण्याची सवय लावली, तर गजांतून आत आलेले प्रत्येक बोट त्याच्या लेखी दाणा ठरते. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो आणि त्यातूनच बोटे रक्ताळतात. इथे दोष सवय लावणाऱ्याचा आहे. पिंजरा उघडून सपाट तळहातावर खाऊ देणे आणि हाताळण्यापूर्वी सौम्य वासाच्या साबणाने हात धुणे एवढ्याने हा प्रश्न संपतो.

झोपेतला चावा वेगळा. हॅमस्टर दिवसा गाढ झोपतो आणि संध्याकाळनंतर जागा होतो. शाळेतून पाच वाजता आलेले मूल कापडाच्या घरट्यात हात घालून त्याला उठवते आणि चावा मिळतो. यावर एक युक्तिवाद ऐकू येतो की जंगली हॅमस्टर दिवसाही बाहेर पडतो, तेव्हा दिवसा उठवायला काय हरकत आहे. त्यातला तपशील खरा आहे. तुर्कस्तानात जंगली मादी हॅमस्टर दिवसा बिळाबाहेर फिरताना नोंदवल्या गेल्या आहेत. मात्र पिंजऱ्यातला हॅमस्टर रात्रीचाच राहतो, आणि मुख्य म्हणजे जंगली मादी स्वतःच्या वेळेने बाहेर पडत होती, तिला कोणी ओढून काढले नव्हते. जेवणे आटोपल्यानंतरची, साधारण आठ ते दहाची वेळ बहुतेक घरांना आणि हॅमस्टरला दोघांनाही सोयीची पडते.

आता टिचकीकडे वळावे. तिचे समर्थक सांगतात की टिचकी हलकी असते आणि प्राणी धडा शिकतो. सीरियन हॅमस्टरचे वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम, बुटक्या जातींचे ३० ते ५० ग्रॅम. माणसाच्या मापाने हलकी असलेली टिचकी त्याच्या नाकाला, दातांना आणि डोळ्यांजवळच्या नाजूक हाडांना इजा करू शकते. शिवाय तो नेमका कोणता धडा शिकतो? चावल्याने शिक्षा मिळाली हा संबंध जोडायचा तर चावणे हे आपले जाणूनबुजून केलेले कृत्य आहे असे त्याला वाटायला हवे. घाबरलेल्या प्राण्याच्या अनुभवात घटनाक्रम असा असतो: हात आला, भीती वाटली, चावलो, हाताने मारले. हातापासून धोका आहे ही त्याची मूळ शंकाच त्यातून पक्की होते. पुढच्या वेळी तो आधीच्या सूचना गाळून थेट चावतो, आणि मालक म्हणतो की हा सुधारतच नाही.

फुंकरीचे तसेच. तोंडावर अचानक वारा आल्याने दात सुटतात हे खरे, म्हणून ती ‘चालते’ असे वाटते. पण मालकाचा चेहरा जवळ आला की काहीतरी अप्रिय घडते, हीच गोष्ट त्याच्या लक्षात राहते. माणसाळवताना चेहरा आणि आवाज या दोन गोष्टी ओळखीच्या व्हाव्या लागतात. त्यातली एक आपल्याच हाताने बिघडवण्यात शहाणपणा नाही.

हात मागे न घेण्याचा सल्ला अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्यामागे खरे निरीक्षण आहे. चावताच हात नाहीसा झाला तर ‘चावले की हात जातो’ हे हॅमस्टर शिकतो आणि पुढे तेच करतो. ज्या वर्तनाने नकोशी गोष्ट टळते ते वर्तन बळावते, हा शिकण्याच्या शास्त्रातला पक्का नियम आहे. समर्थकांचा निष्कर्ष असा की हात तिथेच ठेवा, दोन-चार चावे सोसा, तो कंटाळेल. इथे त्यांची गफलत होते. हात न हलवल्याने चावण्याचा फायदा संपतो, पण भीती संपत नाही. कोपऱ्यात अडकलेला प्राणी जोर वाढवून पुन्हा चावतो, आणि वेदनेने माणूस शेवटी हात झटकतोच. त्या झटक्यात हॅमस्टर जमिनीवर आपटतो, पाय मोडतो किंवा दात तुटतो. चावा आणि हात जाणे यांचा संबंध तोडायचा तर हात चाव्याच्या आधी, म्हणजे कान चपटे होताच किंवा अंग गोठताच, शांतपणे मागे घ्यावा. मग हॅमस्टर हे शिकतो की साध्या इशाऱ्यानेही माणूस ऐकतो, दात वापरावे लागत नाहीत. चावा झालाच, तर हात खाली जमिनीलगत किंवा पिंजऱ्याच्या तळाशी टेकवून तो सुटेपर्यंत स्थिर ठेवावा, नंतर सावकाश काढावा आणि त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये.

हातमोज्याला एवढे लांबलचक उत्तर लागत नाही. जाड चामडी हातमोज्याने चावा लागत नाही, पण बोटांना काही जाणवतही नाही, त्यामुळे पकड घट्ट होते. हॅमस्टरला ओळख होते ती कातड्याच्या वासाची, मालकाच्या हाताची नव्हे. पळालेला हॅमस्टर कपाटामागून काढायचा असेल किंवा आजारी हॅमस्टर डॉक्टरकडे न्यायचा असेल, तेव्हा हातमोजा किंवा त्याहून बरा असा एखादा प्लास्टिकचा मग वापरावा. माणसाळवण्याच्या कामी तो निरुपयोगी आहे.

माणसाळवण्याची सरळ रीत आहे आणि ती घाईला मानत नाही. पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्यात पाणी, दाणे आणि लपायला जागा देऊन त्याला एकटे सोडावे, जुन्या बिछान्यातला थोडा भाग तसाच ठेवावा म्हणजे ओळखीचा वास राहतो. दुकानातून घेतानाच तो मूठभर मागून आणावा. नंतर रोज त्याच वेळी पिंजऱ्याशेजारी बसून हळू आवाजात बोलावे. हातावर घासलेला साधा टिश्यू पेपर घरट्याजवळ ठेवला, की तो त्याचे तुकडे करून घरट्यात नेतो आणि माणसाचा वास त्याच्या झोपेच्या जागेचा भाग होतो. हा टप्पा अनेकजण वगळतात, आणि पुढचे सगळे अवघड करून घेतात. त्यानंतर तळहात पिंजऱ्याच्या तळाशी सपाट ठेवून त्यावर सूर्यफुलाचे किंवा भोपळ्याचे बी ठेवावे. ज्वारीचे कणीस तर या भागात सहज मिळते आणि हॅमस्टरला आवडतेही. गूळ किंवा साखरेचा खाऊ टाळावा, कारण बुटक्या जातींमध्ये, विशेषतः कॅम्पबेल जातीत, मधुमेहाकडे कल असतो. सुरुवातीला तो दाणा उचलून पळेल. काही दिवसांनी पुढचे पाय हातावर ठेवेल, मग पूर्ण चढेल, गालपिशवी भरेल आणि तिथेच बसून खाईल. बोटे मिटून त्याला पकडण्याचा मोह याच क्षणी होतो आणि नेमका याच क्षणी आवरावा लागतो. तो हातावर बिनधास्त बसू लागला, की दुसरा हात बाजूने आणून दोन्ही तळहातांची ओंजळ करावी आणि जमिनीपासून एका वितीच्या आत उचलावे. मानेची कातडी धरून उचलणे हे प्राणीवैद्यांचे काम आहे, रोजच्या हाताळणीचे नाही.

ओंजळीतून फिरायला सोडण्यासाठी पलंग किंवा खुर्ची नको. कोरडे न्हाणीघर किंवा मोठा प्लास्टिकचा टब बरा, मोरीचे तोंड मात्र बंद केलेले असावे. त्यात माणसाने स्वतःच बसावे, हॅमस्टरला अंगावरून चढू-उतरू द्यावे, हाताने अडवू नये. घरात उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवलेल्या असतील, तर सुटा हॅमस्टर त्या खाणार हे गृहीत धरूनच आधी त्या काढाव्यात. किती दिवस लागतील याचे ठरीव उत्तर नाही. कोणी आठवड्यात हातावर येतो, कोणी दोन महिने घेतो. रोबोरोव्स्की जातीचे चिमुकले हॅमस्टर चपळ असतात आणि हातात ठरत नाहीत. ते पाहण्यासाठी पाळावेत.

‘एकटा चिडतो, जोडी आणा’ हा सल्ला दुकानाच्या गल्ल्याला सोयीचा आहे, प्राण्याच्या स्वभावाला नाही. सीरियन हॅमस्टर साधारण दीड-दोन महिन्यांचे झाल्यावर एकत्र ठेवले, तर भांडतात, जखमा करतात आणि दुबळ्याचा जीवही जातो. मादी नराहून मोठी आणि वरचढ असते. नर-मादी जोडी आणली तर गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा, आणि पिल्ले चार-सहा आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. पिल्लांजवळची मादी हात घालणाऱ्याला चावते, प्रसंगी पिल्लेही खाते. चाव्यावर उपाय म्हणून आणलेली जोडी चावे वाढवते. बुटक्या जातींत काही वेळा सहवास जमतो, पण नवख्याने तो प्रयोग करू नये.

पिंजऱ्याचा मुद्दा वरवर चाव्यापासून दूरचा वाटतो, पण तो मुळाशी आहे. बाजारात मिळणारे दोन मजली तारेचे पिंजरे फार लहान असतात. जर्मनीतील प्राणीकल्याणवादी पशुवैद्यांची संघटना १०० बाय ५० सेंटिमीटर तळ आणि ५० सेंटिमीटर उंची ही किमान जागा मानते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिछान्याची खोली १०, ४० आणि ८० सेंटिमीटर अशी बदलून पाहिली. उथळ बिछान्यातले हॅमस्टर तारा अधिक कुरतडत होते, ८० सेंटिमीटरच्या बिछान्यात ते बिळे खणत राहिले आणि तारा कुरतडणे दिसलेच नाही. तारा कुरतडणारा, खणायला जागा नसलेला प्राणी ताणाखाली असतो, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या हाताला त्याचा ताण भोगावा लागतो. तिथे टिचकी मारणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

बिछान्याच्या बाबतीत यवतमाळचा एक मोह वेगळा नोंदवला पाहिजे. कापसाच्या जिल्ह्यात घरात कापूस असतोच, मऊही असतो, तेव्हा हॅमस्टरच्या घरट्यासाठी त्याहून चांगले काय, असे कोणालाही वाटेल. दुकानांतही ‘हॅमस्टर बेडिंग’ म्हणून रंगीत कापूस विकला जातो. त्याचे लांब तंतू पायाला, बोटांना गुंडाळतात आणि रक्तप्रवाह तोडतात. गालपिशवीत भरलेला कापूस तिथे अडकतो, गिळलेला आतड्यात गुंता करतो. घरट्यासाठी छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या किंवा साधा टिश्यू पेपर पुरेसा आहे. सॉ मिलमधला भुसाही टाळावा. त्याची बारीक धूळ श्वसनमार्गाला त्रास देते आणि सागाच्या भुशाने सुतारांच्याही कातडीला खाज सुटते. ज्या प्राण्याला नाक आणि कातडी सतत टोचते आहे, तो हाताळणीला शांतपणे प्रतिसाद देईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

विदर्भातील सर्वांत दुर्लक्षित कारण उष्णतेचे. हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते, ३० च्या वर ताण सुरू होतो, आणि त्याहून अधिक चढत गेल्यास उष्माघाताने तो मरू शकतो. त्याला कुत्र्यासारखे धापा टाकून अंग गार करता येत नाही, जंगलात तो खोल बिळात उतरतो. यवतमाळ, पांढरकवडा, वणी भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात राहतो. दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीतला तारेचा पिंजरा म्हणजे त्याच्यासाठी भट्टी. त्या ताणाखालचा हॅमस्टर प्रथम चिडतो, चावतो, मग सुस्त होतो. सुस्ती आली की मालकाला वाटते, ‘आता शांत झाला’. तोच धोक्याचा क्षण असतो. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या खोलीत जमिनीलगत ठेवावा. न चकाकणारे मातीचे लहान मडके आडवे ठेवून दिले तर लपण्याची गार जागा मिळते. एखादी फरशीही चालते, आणि बर्फाच्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकवता येते. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको. त्यातील ओलावा आणि वारा यांमुळे सर्दी-छातीचे विकार होऊ शकतात. तो सुस्त, ओलसर, थरथरता दिसला तर गार पाण्यात बुडवू नये. त्याला थंड खोलीत हलवून पशुवैद्याला गाठावे. माणसाळवण्याच्या कसरती उन्हाळ्यात दुपारी बंदच ठेवाव्यात.

यावर एक टोकाचे मत असे की विदर्भात हॅमस्टर पाळणेच चूक. त्यात दम आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ज्या घरात वीज वारंवार जाते, ज्याच्या एकाही खोलीत उन्हाळी तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवता येत नाही, त्या घराने हॅमस्टर घेऊ नये. अशा घरात प्राणी माणसाळवण्याआधी जगवावा लागतो. ज्यांना सोय करता येते, त्यांनीही उन्हाळ्याच्या तोंडावर तो विकत घेऊ नये. दिवाळीनंतर आणला, तर माणसाळवण्याचा पहिला काळ थंडीत पार पडतो. थंडीची धास्ती मात्र उगाच वाढवली जाते. काही हॅमस्टर तापमान एकेरी अंकापर्यंत उतरले तर गुंगीत जातात, पण घराच्या आतली यवतमाळची थंडी सहसा तेवढी पडत नाही.

हॅमस्टर चावल्यावर माणसाने काय करावे, यावरही गोंधळ असतो. एका बाजूला ‘काही होत नाही’ आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा चावल्यासारखी धावपळ. रेबीज प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार घरगुती उंदीर, खार, ससा यांच्या चाव्यानंतर रेबीजची लस क्वचितच लागते. म्हणून प्रत्येक हॅमस्टरच्या चाव्यावर शासकीय रुग्णालयात लसीसाठी रांग लावणे अनाठायी आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटे धुवावी, जंतुनाशक लावावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन किती वर्षे झाली हे पाहून डॉक्टरांना विचारावे. सूज, ताप, पू किंवा लाल रेषा दिसल्या, तर थांबू नये. ‘काही होत नाही’ हेही खरे नाही. २००५ मध्ये अमेरिकेत एका अवयवदात्याच्या घरातील हॅमस्टरमधून आलेला लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणू दान केलेल्या अवयवांमार्फत रुग्णांपर्यंत पोहोचला, आणि त्यातल्या काहींचा मृत्यू झाला. असे प्रसंग दुर्मीळ आहेत. तरी गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पिंजरा साफ करू नये. चाव्यानंतर श्वास लागणे, अंगावर गांधी उठणे अशी तीव्र ॲलर्जीची लक्षणे दिसली, तर सरळ रुग्णालय गाठावे.

महिनोन्‌महिने हातावर बसणारा हॅमस्टर एकाएकी चावू लागला, तर वर्तनाचे प्रयोग बाजूला ठेवून त्याची प्रकृती पाहावी. समोरचे दात वाढून वाकले आहेत का, गालपिशवीत काही अडकले आहे का, शेपटीखालचा भाग ओला आहे का. ओली शेपूट हा तरुण हॅमस्टरांना होणारा आतड्याचा गंभीर विकार असू शकतो, आणि त्यात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. म्हातारपणी दृष्टी आणखी अधू होते, सांधे दुखतात, आणि स्पर्श नकोसा होतो. हॅमस्टरचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, त्यामुळे दीड वर्षानंतरच्या बदलाकडे वयाच्या नजरेने पाहणे आवश्यक असते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-बैल, शेळ्या येतात, तेथील डॉक्टरांना लहान कृंतकांचा अनुभव कमी असू शकतो. अशा वेळी नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पर्याय विचारात घ्यावा.

चाव्याची जबाबदारी विकणाऱ्यावरही येते. पाळीव प्राण्यांची दुकाने २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेली असणे बंधनकारक आहे. यवतमाळात घेतलेला असो वा नागपूर-अमरावतीहून आणलेला, हॅमस्टर विकत घेताना त्या नोंदणीची खात्री करून घ्यावी. त्याचे वय, जात आणि लिंग विचारावे, मादी असेल तर ती नरासोबत ठेवलेली होती का हे विचारावे, आणि दुकानदार त्याला कसा उचलतो ते पाहावे. प्रश्नांना उत्तर न देणाऱ्या, एकाच पिंजऱ्यात मोठे हॅमस्टर दाटीने कोंबणाऱ्या आणि चावला तर टिचकी मारा असे सांगणाऱ्या दुकानातून हॅमस्टर घेऊ नये.